अनुक्रमांक एकेचाळीस

तीन, दोन, तीन.
पाच, सहा, पाच.
मी आकडे सांगते, इमेल्डा लिहून घेते.
दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत
बोथट सळई किती मिलिमीटर उतरते, त्याचा हिशेब.
आमच्या शास्त्रात या फटीला खिसा म्हणतात.
गोकुळदास देवळींच्या खिशांत
सळईच्या मागोमाग रक्त.

खुर्चीत आडवे, तोंड उघडं,
तरी उजव्या हाताची बोटं मांडीवर चालू.
"डॉक्टर, तुमचे आकडे समेवर येत नाहीत,"
चूळ थुंकून ते म्हणाले.
माशेलच्या देवळात दोन्ही वेळा सनई.
वरचे पुढचे दात आता हलतात.
पत्ती ओठांत धरली की
सूर लागायच्या आधी रक्त लागतं.

प्रयोग असा:
साठ माणसं, दोन तऱ्हेच्या ट्यूब.
एकीत बकुळीच्या सालीचा अर्क,
दुसरीत तोच रंग, तोच वास, बाकी काही नाही.
कुणाला कुठली मिळाली, मला ठाऊक नाही,
इमेल्डालाही नाही.
यादी पणजीतल्या एका कुलूपबंद कपाटात.
संमतिपत्रावर झाडाचं नाव नव्हतं,
नुसतं 'वनस्पतिजन्य'.
सालीतलं टॅनिन
सूज धगधगती ठेवणारे निरोप वाटेतच अडवतं,
असं काचेच्या बशीत दिसलंय.
काचेच्या बशीला दात नसतात,
ती तंबाखूही खात नाही.

रात्री बांबोळीच्या खोलीत अहवाल लिहिताना
एका शब्दावर अडते.
हिरडी. हिरडा.
तोंडातलं हे मऊ मांस, घाटातलं ते तुरट फळ,
मध्ये फक्त काना आणि वेलांटी.
कुणीतरी आधी चघळून बघितलं आणि मग नाव ठेवलं,
की उगाच जुळलं?
संदर्भसूचीत याला जागा नाही.
कागद खोडते.

बारावा आठवडा.
तीन, दोन, दोन.
तीन, तीन, दोन.
सळई कोरडी.
इमेल्डाने लिहिता लिहिता वर पाहिलं,
आणि मी मनातल्या मनात
पणजीच्या कपाटाचं कुलूप तोडलं.

देवळी उठून बसले.
सदऱ्याच्या खऱ्याखुऱ्या खिशातून
वर्तमानपत्राची पुडी काढली.
तपकिरी, खरबरीत साल.
"आमच्या तळीकाठच्या ओंवळीची.
पहिल्या दिवसापासून उकळून चूळ भरतो.
बाबा भरायचे, ऐंशीव्या वर्षी ऊस सोलत होते दातांनी."
मग दुसऱ्या खिशातून
माझी ट्यूब. झाकणाचं सीलसुद्धा शाबूत.
"महागाचं औषध.
म्हटलं, कुणा गरजवंताला द्या."

ओंवळ म्हणजे बकुळ.
मी त्यांना सांगितलं नाही.

नियम सरळ आहे.
परत आलेली ट्यूब: वजन पूर्ण, वापर शून्य.
एकेचाळीसवर आडवी रेघ.
शिवाय पहिल्याच दिवशी मी त्यांचे दात खरवडले होते,
आणि त्यांनी तंबाखू सोडली होती,
म्हणे बायकोच्या धाकाने.
कशाने काय झालं,
शपथेवर सांगता येणार नाही.

सगळे गेल्यावर सालीचा तुकडा दाढेखाली धरला.
गालापासून जिभेच्या मुळापर्यंत सगळं आकसलं.
तोंडभर तुरट,
आणि नोंदवायला एकही आकडा नाही.

जाताना दारातून विचारलं होतं त्यांनी,
"पुढची तारीख?"
"तुम्ही आता प्रयोगात नाही, देवळी."
"असं?
मग नुसता दातांसाठी येतो."