एका पेनीचा फरक

हेरफर्डच्या दफ्तरखान्यात मी रोज
मेंढीच्या कातड्याची एक लांबलचक गुंडाळी
हातभर उलगडते, मऊ स्पंजानं पुसते,
कडांवर वजनं ठेवते.
बाहेर वाय नदी फुगलीय म्हणे.
इथं खाली सगळं कोरडं, मोजून कोरडं.

उमराव वॉरिनबद्दल थडग्यावर पुष्कळ कोरलंय:
शूर, दानी, देवभोळा.
मी जाऊन आले. नाक गेलंय त्याचं.
पायाशी दगडी कुत्रं, ते मात्र शाबूत.

खरी ओळख इथली,
ऑस्बर्ट कारकुनाच्या लॅटिन अक्षरातली.
मोडीसारखंच पळतं ते, शब्दांच्या शेपट्या गिळत.

‘उमरावांची दाढ दुखते. लवंगा, तीन पेनी.’
‘थोरले चिरंजीव ओलीस गेले. दोन घोडे, एक रजई.’
‘बाईसाहेब बाळंत. सुईणीस एक शिलिंग.’
वर्षानं परत:
‘बाईसाहेब बाळंत. सुईणीस सहा पेनी.’
निम्मेच का?
पुढच्या ओळीत मेण आहे, दोन रत्तल,
आणि सुताराला लाकडाचे पैसे,
अगदी थोड्या लाकडाचे.

थोरले चिरंजीव परत आल्याची नोंद सापडत नाही.
त्यांच्या घोड्यांचा चारा
चार वर्षं लागतोय अजून, रिकाम्या तबेल्यात.
कुणी बंद कर म्हटलं नसणार.

मग पेट्रोनिला. वय सात.
ज्यानं आदल्या साली यांची गिरणी जाळली
त्याच्याच मुलाशी सोयरीक.
‘जोडे, बोटभर मोठे, म्हणजे पुढच्या साली होतील.
पुढं कोंबायला लोकर.
टोपी, सशाच्या कातड्याची.
खेचराचं भाडं. दाईचं भाडं, परतीसकट.
शिटी, हाडाची, एक: एक पेनी.’

खाली बेरीज.
मी तीनदा केली, कागदावर,
मग बोटांवर, लहानपणी करायचे तशी.
एक पेनी कमी भरते.

ऑस्बर्ट कधी चुकत नाही.
अकरा वर्षांच्या हिशेबात, भर दुष्काळात,
किल्ल्याच्या छताचं शिसं मोजताना नाही चुकला.
शिटी लिहिलीय त्यानं. धरली नाही.

कुणी दिली ती पेनी?
बाईसाहेबांनी, पदरची?
दाढ धरून बसलेल्या त्या उमरावानं,
‘हे खात्यात नको’ म्हणत?
की शाईनं काळ्या झालेल्या
या माणसानंच, जो
कुणाचा बाप असल्याचं कुठंच लिहिलेलं नाही?

साहेब, मिस्टर ग्विलियम, वरून विचारतात,
‘काही विशेष?’
तक्त्यात शेऱ्यासाठी बोटभर रकाना आहे.
मी लिहिते: अवस्था बरी. बेरजेत फरक, एक पेनी.

टाक्यापलीकडचं कातडं
सुरू होतं खारवलेल्या हेरिंगनं.
तीन पिंपं. एक फुटकं.