माया

हडर्सफील्डच्या बाजारगल्लीत, चावीवाला आणि मोबाइलवाला
यांच्या मधोमध माझं दुकान, सात फूट रुंद.
झिप बदलून मिळेल. पँट आखूड करून मिळेल.
लग्नाचे झगे, वेळ आधी ठरवून.

जानेवारीची एकोणतीस.
परवा रिटर्न भरायची शेवटची रात्र
आणि वर्षभराचा हिशेब बिस्किटांच्या डब्यात.

ग्लेनिस हॉब्सन डबा उपडा करते टेबलावर.
सत्तरीची बाई, चष्मा दोरीला, पेन्सिल कानावर.
एक पावती उजेडात धरते.
"यावर काही छापलं होतं का?"
होतं. खिडकीत ठेवली होती, उन्हाने पुसली.
इथलं ऊन, ते तरी किती,
पण तेवढ्यानेही अस्तराचं अख्खं बिल धुऊन टाकलं.

दुसरी, ओव्हरलॉक मशीनची. सहाशे चाळीस पौंड.
चुरगळली होती, म्हणून मी तिला
इस्त्री केली.
सवय हो. सुरकुती दिसली की हात जातो.
कागद काळा झाला, कडेपासून कडेपर्यंत,
अमावास्येची घडी घालावी तसा.
ग्लेनिस हसली नाही. म्हणाली,
"दुकानदाराला लिही, दुसरी प्रत देतील."
मग मात्र हसली, बराच वेळ.

"हॅलिफॅक्सला पडदे पोचवतेस. किती मैल?"
"खूप."
"खूप हा आकडा नाही."

"हा लोकरी कोट खर्चात?"
"दुकानात थंडी वाजते."
"थंडी सगळ्यांनाच वाजते, बाळ," आणि एक रेघ.

बँकेच्या कागदावर दोऱ्याची रिळं, त्याखाली मेथी,
त्याखाली ईशानचे फुटबॉलचे बूट, त्याखाली बटणं.
एकच खातं. एकाच खिशात सुया
आणि लहान पोराचा हात.

आमचे दादा सांगलीच्या हळदपेठेत दिवाणजी.
रोजकीर्द पुरी झाल्याशिवाय ताटावर बसायचे नाहीत.
चार आण्यांचा फरक आला तर
आमटी दोनदा गरम व्हायची.
मला वाटायचं, काय हा हिशेबी माणूस,
आणि मी सुईदोरा उचलला,
ज्याला जमा नाही, नावे नाही, असं समजून.

मग ग्लेनिसने शेवटचा आकडा लिहिला
आणि त्याखाली त्याचा निम्मा.
"हा पुढच्या वर्षाचा, आगाऊ. जुलैत आणखी एवढाच."
"अजून न शिवलेल्या कपड्यांचा?"
"हो."
मी गप्प. बाहेर मोबाइलवाल्याने शटर ओढलं.

तिने माझ्या कापायच्या टेबलावरून
एक बाही उचलली, उलटी केली,
शिवणीच्या आतला कपडा बोटांनी मोजला.
"हे जास्तीचं का सोडतेस?"
माणूस जाड होतो, म्हटलं. पोर वाढतं.
उसवायची वेळ आली तर हाताशी असावं.
"याला काय म्हणता तुमच्यात?"

माया.

आणि मीच थांबले.
वीस वर्षं परक्यांच्या कमरेला अर्धा अर्धा इंच
माया सोडत आले,
स्वतःच्या गल्ल्यात मात्र धारेवर कापलं,
आठ आले की आठही माझे,
ज्यांतले दोन कधीच माझे नव्हते.

एकतीसच्या रात्री पैसे भरले.
ईशानच्या सहलीचे त्यात गेले. तो म्हणाला, चालेल.
त्याने चालेल म्हटलं ते मला
दंडापेक्षा जड गेलं.

एक फेब्रुवारी. पाऊस, बारीक, आडवा.
पहिलं गिऱ्हाईक कॉलेजचा मुलगा,
मुलाखतीची पँट दीड इंच आखूड हवी.
आठ पौंड.
दोन दुसऱ्या खात्यात, लगेच, त्याच्यासमोरच.
दोऱ्याच्या पावतीचा आधी फोटो, मग डबा.
वहीवर वर श्री लिहिलं, खाली तारीख, खाली जमा आठ,
अक्षर दादांसारखं आलं नाही.

पँट उलटी केली.
दीड इंच वर दुमडला, पण कापला नाही.
म्हटलं, असू दे आत.
हा मुलगा अजून वाढायचा आहे.