भिंत कोसळण्यापासून

पट्टी दोन बोटं रुंद.
लांबीचं विचारू नका,
ती बापाच्या भीतीएवढी.

थीब्जला, खोन्सूच्या देवळामागच्या बोळात
मी मांडी घालून बसतो, मांडीवर फळी,
कानामागे बोरू.
देव बोलतात, मी फक्त लिहून घेतो,
असं सांगायचं असतं गिऱ्हाइकाला.

आज अंखेफ आला, पैलतीराचा नावाडी.
अंगाला डांबराचा आणि मासळीचा वास,
हातात तेलाची बुधली, अर्धी पायली सातू,
आणि कडेवर तामित,
वर्षाची असेल नसेल, नाक वाहतंय.
"हिच्यासाठी ताईत," म्हणाला, "मोठा."

मी नेहमीचं लिहिलं:
आम्ही हिला राखू सापापासून, विंचवापासून,
कालव्यातल्या, विहिरीतल्या, डबक्यातल्या भुतापासून,
तापापासून, दृष्टीपासून,
भिंत कोसळण्यापासून.

"मगर राहिली."
मगर लिहिली.
"होडी उलटली तर?"
तू नावाडी ना?
"म्हणून तर."
होडी लिहिली.
"शेजारणीने नुसतं गोड म्हटलं तरी."
शेजारणीचं गोड बोलणं लिहिलं.
"आणि खजुराची बी
घशात अडकण्यापासून."

इथे तो थांबला.
कोणाच्या घशात, ते मी विचारलं नाही.
तामितच्या आधी कडेवर कोणीतरी होतं,
एवढं त्या थांबण्यातच लिहिलेलं होतं.

पट्टी संपली. खळ लावून दुसरी जोडली.
तिचे दाणे वेगळे मागितले नाहीत.
(हे माझ्या बायकोच्या कानावर जाऊ नये.)

माझ्याही गळ्यात होती अशी नळी,
बैलाच्या कातड्याची, आईने बांधलेली.
आईला अक्षर येत नव्हतं.
मला यायला लागलं दहाव्या वर्षी,
आणि एका दुपारी मी दोरा तोडला.

साप होता. विंचू होता. भिंत होती.
माझं नाव दोनदा, दोन्हीदा चुकीचं.
आणि अगदी तळाशी, जागा उरली नव्हती तिथे,
एकमेकांवर रेललेल्या अक्षरांत:
*आणि त्याला राखू आईच्या हातापासून,
ती दमलेली असेल त्या दिवशी.*

पुढे चाळीस वर्षं मी नमुने उतरवले,
देवळातले, घराण्यातले, उंदरांनी कुरतडलेले.
ही ओळ एकातही सापडली नाही.
म्हणजे तिनेच सांगितली असणार,
त्याच्याकडे न बघता,
आणि त्या लेखनिकाने, कोण होता कोणास ठाऊक,
बोरू न अडखळवता लिहून घेतली.

आईने मला एकदाच मारलं.
नळीचा दोरा तोडला म्हणून.
मग तोच दोरा गाठ मारून
पुन्हा बांधला, घट्ट, मला टोचेपर्यंत.

असो.
अंखेफ समोर ताटकळलेला,
तामितची बोटं तांबड्या शाईत.
मी तळाशी अजून एक ओळ घातली,
माझ्या पदरची:
*आणि हिला राखू बापाच्या भीतीपासून,
हिला पोहावंसं वाटेल त्या दिवशी.*

रीतीप्रमाणे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं.
ती ओळ सोडून.
"झालं?" त्याने विचारलं.
झालं.
"काही राहिलं नाही ना?"
त्याच्या डोळ्यांत अजून दहा हात पट्टी होती.
नाही, म्हटलं, काही राहिलं नाही.

गुंडाळी केली, करंगळीहून बारीक,
तागाच्या धाग्याने बांधली,
नळीत सरकवली, तोंड शिवलं.
अंखेफने ती लेकीच्या गळ्यात घातली
आणि तीन वेळा गाठ ओढून पाहिली,
होडी खुंट्याला बांधतात तशी.

तामितने नळी लगेच तोंडात घातली.
दोनच दात आलेत तिला, खालचे.
सगळे देव, सगळे साप, ती कोसळणारी भिंत,
सगळं एका गालात धरून
ती चावत बसली,
माझ्याकडे टक लावून.