दोन मिनिटं

पहाटे पाचला लुइस्टनहून व्हॅन निघाली
काच आतून खरवडत.
पुढे लुसियाँ थेरिओ, खिडक्यांचा कारखानदार.
मागच्या बाकावर रेओ उलेट, तोही खिडक्यांचाच;
एका शाळेच्या टेंडरवरून
दोघांत अकरा वर्षं अबोला.
मधल्या बाकावर मी बसवलं होदान वार्सामेला,
लाँड्रीवालीला. मांडीवर बिलांची फाईल,
फाईलवर डोनट्सचा खोका,
तो कुणी उघडेना.

मी या आघाडीची पगारी चिटणीस.
अठ्ठेचाळीस धंदे, एक पत्र,
आणि पत्रातल्या एकाच क्रियापदावरून
तीन आठवडे भांडण:
'विनंती करतो' की 'मागणी करतो'?
शेवटी छापलं, 'सुचवतो'.
त्या शब्दानं कुणाचं पोट दुखलं नाही,
कुणाचं भरलंही नाही.

ऑगस्टा. दुसरा मजला, समितीची खोली.
बाहेर उणे एकोणीस.
आत रेडिएटर धपापतोय,
त्याची चावी कधीची गंजून घट्ट,
म्हणून शिपायानं खिडकी उघडी ठेवलेली,
फटीत कायद्याचा एक जाड खंड अडकवून.
बर्फाची भुकटी आत येई
आणि टेबलापर्यंत पोचायच्या आत विरे.
आमदार कोट काढून, अस्तन्या सारून,
आमच्याच पत्रानं वारा घेत होते.
विषय: इमारतींनी ऊब किती धरून ठेवावी.

कुणी हसलं नाही.
मीही नाही. मी पगारी आहे.

प्रत्येकाला दोन मिनिटं.
लुसियाँनं आकडे वाचले,
सगळे बरोबर, सगळे निर्जीव.
कडेचे आमदार चष्मा पुसत म्हणाले,
"तुम्ही खिडक्या विकता.
कायदा कडक झाला की तुमच्याच जास्त खपणार.
खरं ना?"
लुसियाँची मान लाल.
घड्याळात एकवीस सेकंद, मग वीस, मग एकोणीस.

मागून रेओ उठला, त्याचा नंबर नसताना:
"खपणार. माझ्याही खपणार.
लोकांना भूक लागते असं पाववाल्यानं सांगितलं
तर भूक खोटी ठरते का?"
नियम मोडला म्हणून त्याला बसवलं.
कार्यवृत्तात ते वाक्य नाही.

मग होदान. कागद हातात, पण वाचला नाही.
"हे जानेवारीचं बिल.
यात कपडे किती वाळले ते मी सांगते.
गल्ली किती वाळली तेही सांगते.
माझ्या मागच्या भिंतीपाशी बर्फ टिकत नाही.
मांजरं झोपतात तिथे,
मोजली तेव्हा सात होती.
मांजरांवर माझा राग नाही.
पण घरमालक म्हणतो, भिंत माझी, बिल तुझं.
आणि तुमचा कायदा म्हणतो,
त्याचं बरोबर आहे."

घंटी वाजली. ती आधीच बसली होती.
तिची बावीस सेकंदं उरली,
ती कुणीच वापरली नाहीत.
खिडकीतून वारा आला, खंडाची पानं फडफडली,
शिपायानं उठून खंड आणखी आत सारला.

निकाल: पुढच्या सत्रात पाहू.
म्हणजे घोंगडं भिजत.
भिजलेल्या घोंगड्यात ऊब नसते,
भिंती भरणाऱ्या कुणालाही विचारा.

परतताना होदान झोपली,
डोकं काचेला, काचेवर श्वासाचा गोल.
तिच्या डोक्यावरून मागचा आवाज पुढे आला:
"ती चौकट तुझ्या बापानं बसवलेली.
खाली शिक्का पाहिला मी."
बराच वेळ नुसते वायपर.
मग लुसियाँ, मागे न वळता:
"बापाची चौकट अजून सरळ आहे.
तो रेडिएटर वाकडा."
"चौकट फुगलीय."
"फुगली नाही."
"फुगलीय, लुसियाँ."

मी फोनवर पत्र उघडलं.
'सुचवतो' खोडलं.
जागा मोकळी ठेवली, कर्सर लुकलुकत राहिला.
डोनट्स थिजून दगड झालेले.
गार्डिनरच्या पुलावर खोका फिरवला,
चौघांनी खाल्ले.