कलम एक्केचाळीस

बुधवारी दुपारी बेंजामिन अष्टमकर
सेंटर स्ट्रीटवरचा माझा जिना चढून आला.
लिस्बनला बेकरीत काम मिळालंय, म्हणाला,
शनिवारच्या सुट्टीचं काय, तेवढं वाचून सांगा.
हातात त्यांच्या संविधानाचं एक पान,
घडीवर तेलाचा डाग.

खाली दुकानात शिलाई मशीन दुरुस्त होत होतं,
सुई नसलेलं, हवेलाच टाके घालणारं.

मी चष्मा पुसला.
ही भाषा आमच्या घरात आली जमिनीच्या कागदांतून.
त्याही आधी, तिकडे गोव्यात, तिच्यातच हुकूम निघाले होते
आणि आमचा देव कुणीतरी पंच्यात गुंडाळून
रात्रीत नदीपार नेला होता.
होडीत कोण कोण होतं, आता कुणाला ठाऊक नाही.
देव खोकत नाही, एवढं बरं.

त्याच भाषेत आता लिहिलं होतं:
सदसद्विवेक, धर्म, उपासना यांचं स्वातंत्र्य
'अनुल्लंघनीय'. माझीच जीभ अडखळली.
'अभंग' लिहून बघितलं. हसू आलं, खोडलं.
लिस्बनच्या कोर्टात टाळ कोण धरणार?

"पण देश तर चर्चवाल्यांचाच ना?"
हो. घंटा त्यांच्या, सुट्ट्या त्यांच्या,
गल्ल्यांना नावं संतांची.
म्हणून तर लिहावं लागलं.
सगळं घर एकाच कुशीवर झोपतं
तिथे कूस बदलणाऱ्याची सोय कागदावर लागते.

पुढचं वाचलं:
कुठल्याही अधिकाऱ्याने कुणाला
त्याची श्रद्धा विचारायची नाही.
मोजणीपुरतं चालेल, तेही माणूस ओळखू न येता.

"विचारायचंच नाही?"
परत वाचा, म्हणाला. परत वाचलं.
गेल्या वर्षी घर शोधताना
कोंढव्यात दोघांनी, सहकारनगरात एकाने विचारलं होतं,
अष्टमकर म्हणजे नक्की कोण?
एकाने तर चहा देऊन.
"घरमालक म्हणजे अधिकारी नव्हे," मी म्हटलं,
आणि म्हटल्या म्हटल्या वाईट वाटलं.

शनिवारचं त्या पानावर काही नव्हतं.
वेगळा कायदा असेल, शोधते, म्हणाले
आणि पावतीपुस्तक ओढलं.
वडिलांनी छापून घेतलेले रकाने:
नाव, पत्ता, ज्ञाती.
तीस वर्षं भरतेय.
पेन तिसऱ्यावर टेकलं,
शाईचा ठिपका पडला, पसरत गेला.
तो माझ्याकडे बघत नव्हता.
ठिपक्याकडे बघत होता.

"तेवढं राहू द्या,"
तो म्हणाला, की मीच?
खाली सुई बसवली असावी.
मशीनचा आवाज जड झाला,
कापड लागल्यासारखा.