एकशे एक

नऊ-नऊ-नऊ नको, इतकं काही जळत नाहीये,
म्हणून स्वॉन्सीच्या चढावरून एम्लिन प्रॉसरनं
एकशे एक लावला.
रांगेत सतरावा.
पियानो वाजत होता तोवर त्यानं
अंडं उकडलं, सोललं, मीठ विसरून खाल्लं.

'काय गेलं?' बाईचा आवाज, सर्दी झालेला.
ढकलगाडी. हिरवी. चाक कुरकुरतं.
'कधी?'
मंगळवारी. म्हणजे, लक्षात आलं मंगळवारी.
तिच्यातून माती न्यायचो. नंतर मार्गेडला,
तिचे गुडघे गेल्यावर,
बागेच्या टोकापर्यंत. वाटाणे बघायला.

टाइप करणं थांबलं.
मग, हळू : 'किंमत किती लिहू?'

फाटकाबाहेर काहीतरी कुरकुरलं.
'जरा थांबा हं,' तो म्हणाला,
आणि रिसीव्हर अंड्याच्या टरफलांशेजारी ठेवून गेला.
ती थांबली.
पियानोशिवाय.