पाणी धरलं

सहा वर्षं हरिपुरात कडब्याच्या गंजीमागं
पालथा पडलेला वाळूवाल्यांचा सक्शन पंप
इलाहीमामूनं भंगाराच्या भावानं उचलला,
आमच्या दारात आणून टेकवला.
"झारेकऱ्याचं पोर तू, गाळ धुवायला लाजतंस व्हय?"

इंपेलरच्या पात्यांत वाळलेला खेकडा निघाला.
ग्लँडला नवी दोरी, ट्यूब कापून गॅस्केट,
फुटव्हॉल्व्हला मिरजेचं चामडं.
उतरत्या फळीवर अंथरायला काथ्या नव्हता;
मामूनं हळदीचं जुनं पोतं उसवलं.

सराफ कट्ट्याचा नाला कृष्णेत उतरतो
तिथं पाइप सोडला.
तीनदा बादलीनं पाणी भरलं, तीनदा नुसती हवा.
चौथ्यांदा मामूनं पंपाला थोपटलं,
अडलेल्या म्हशीला थोपटतात तसं,
आणि गाळ आला. काळा, धापा टाकत.

दिवेलागणीला पोतं परातीत झटकलं.
पिवळं!
मी ओरडलोच.
मामूनं बोट बुडवून जिभेला लावलं.
"हळद."

परत धुतलं, परत, पाठ मोडेस्तोवर.
तळाशी राहिली एक फिरकी,
कुणाच्या तरी कानातली, तिळाएवढी.
ती विडीच्या कागदात गुंडाळून
त्यानं खिशात टाकली, बघितलीही नाही नीट.
नजर पंपावर.
"पाणी धरलं बघ गड्यानं."